गोळी चहात मिसळून देऊ का?

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, कुठल्याही तालुक्याच्या मनोविकार ओपीडीत हे दिसतं. गोळ्यांचं पाकीट हातात पडलं की पेशंटला पुढे पाठवून घरची बाई दाराशी रेंगाळते आणि हळूच विचारते, "चायात टाकून देली त चालते का?" प्रश्न मायेतून येतो, म्हणून नुसतं "नाही" म्हणून भागत नाही.

अशाच एका घराची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तावीस वर्षांचा मुलगा, पाच एकर कोरडवाहू वावर, आई, मोठा भाऊ, वहिनी. शेजारी आपल्या जेवणात काहीतरी कालवतात, या संशयाने तो रात्र-रात्र जागायचा. औषधांनी दोन महिन्यांत चांगला उतार पडला आणि तेव्हाच त्याने गोळ्या बंद केल्या. आईने त्या वाटून चहात द्यायला सुरुवात केली. एका सकाळी स्टीलच्या ग्लासाच्या तळाशी त्याला पांढरा साका दिसला. त्या दिवसापासून तो घरचं काही खाईना. एसटी स्टँडवरच्या टपरीवर चहा-पाव खाऊन दिवस काढू लागला. अन्नात कोणी काही कालवतंय, असं ज्याला वाटायचं, त्याच्या अन्नात खरंच काहीतरी निघालं होतं, तेही आईच्या हातून.

लपवून दिलेली गोळी आणखीही घोळ करते. अर्धी ग्लासाला चिकटून राहते, म्हणजे डोस रोज वेगळा. घाईत तोच ग्लास घरचं लेकरू उचलतं. रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधाचं पातळ रूप तर चहात आणि कोलात चालतच नाही, ते पाण्यातून किंवा दुधातून द्यावं लागतं. आणि गोळीमुळे अंग आखडलं, हात कापले, तर औषध पोटात गेल्याचं ठाऊक नसलेल्या माणसाला ती करणीच वाटते. मग गाडी दवाखान्याऐवजी भगताकडे वळते.

मनोविकार ओपीडीतल्या सामाजिक कार्यकर्त्याचं, म्हणजे आमचं, काम इथे सुरू होतं. आजार कोणता, हे डॉक्टर ओळखतात. तो आजार त्या घरात, त्या वावरात, त्या गावात कसा नांदतो, हे आम्ही शोधतो. आमच्या शिक्षणात माणसाची प्रतिष्ठा, त्याचा स्वतःच्या निर्णयाचा हक्क आणि गुप्तता ही मूल्यं पहिल्या वर्षापासून शिकवतात. परीक्षेत ती सोपी वाटतात. खरी कसोटी लागते ती रडणारी आई समोर असताना.

"गोळी का घेत नाहीस?" हा प्रश्न त्याला घरच्यांनी शंभरदा विचारला होता. त्यात आरोप असतो. म्हणून त्याला एकट्याला बसवून विचारलं, "गोळी घेतल्यावर दिवस कसा जातो?"

बराच वेळ तो नखं पाहत राहिला. मग म्हणाला, "सकाळची गोळी खाल्ली का डोये मिटतेत. डवरणीत डुलकी लागली अन् पऱ्हाटीचं तासच्या तास उपटलं. दादा मजुरायसमोर म्हणे, पागलाले डवरा देऊ नोका." (डवरणी म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा हे औत फिरवून तण काढणं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी.)

त्याचं भांडण गोळीशी नव्हतंच. सकाळची झोप आणि चारचौघांत गेलेली अब्रू, ही दोन दुखणी होती. पहिल्यावर डॉक्टर उपाय करू शकत होते, दुसऱ्यावर घर. माझ्या मते आमच्या कामाचं सारं मोल या फोडीत आहे.

आणखी एक गोष्ट तो आईसमोर कधीच बोलला नसता. लग्नाचं चाललं होतं आणि त्याला शरीरसंबंधाची इच्छाच उरली नव्हती. काही औषधांनी असं होतं, डोस किंवा औषध बदलून बहुतेकदा सुधारतं. पण विचारल्याशिवाय तरुण पोरं सांगत नाहीत. म्हणून हा प्रश्न एकांतात, सरळ शब्दांत विचारायचाच.

डॉक्टरांसाठी एका कागदावर चार ओळी लिहिल्या: गोळीची वेळ, झोप किती तास, हाताची थरथर, शेतातली कामाची वेळ. त्यांनी सकाळचा डोस काढून सगळं औषध रात्री जेवणानंतरचं केलं, मग हळूहळू प्रमाण बदललं. पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी घेतली, म्हणजे तालुक्याला कशाला चालला, असं कोणी विचारत नाही आणि मजुरीही बुडत नाही. स्ट्रिप त्याच्याच ताब्यात, गोळी तो स्वतः काढणार.

चहाचं काय? ते आईनेच सांगायचं होतं, डॉक्टरांच्या खोलीत. "म्या टाकत होती बापू, तू जगावा म्हणून. आता नाही टाकणार." भावालाही बोलावलं होतं. माफी त्याच्या तोंडून निघाली नाही, पण पुढच्या डवरणीला त्याने डवरा धाकट्याच्या हाती दिला.

तुमच्या घरी असं चालू असेल तर मिसळणं एकदम थांबवू नका. औषध अचानक तुटलं की आजार उलटतो. आधी डॉक्टरांना खरा डोस सांगा, मग त्यांच्यासमोर पेशंटला. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा त्याने अन्नपाणी सोडलं असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 72 तासांच्या तातडीच्या उपचाराची सोय आहे. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.

याच कायद्याने आजारी माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारा माणूस, निवडता येतो. साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. या मुलाने आईचं किंवा भावाचं नाव न लिहिता वहिनीचं लिहिलं. दोन रात्री झोप लागली नाही तर पहिल्यांदा तिला सांगायचं, असं दोघांनी ठरवलं आहे, आणि त्या कागदाची प्रत त्याच्या केसपेपरला लावली आहे.