अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांचं जेवण तुटलंय, ताकदीसाठी काय द्यावं?

तुमच्या वडिलांची डावी बाजू गेली आहे, घरी आणल्यापासून वजन उतरतंय, पाणी पिताना ठसका लागतो आणि घरातले सगळे पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी यांवरच भर देताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि असे रुग्ण रोज पाहते. म्हणून कळकळीनं सांगते, काय द्यायचं हा प्रश्न नंतरचा. त्यांना नीट गिळता येतंय का, हे आधी तपासून घ्या. आजच.

आजारी माणसाला पातळ दिलं की सोसतं, असं आपल्याकडे धरूनच चालतात. झटक्यानंतर नेमकं उलटं होतं. पाणी इतक्या झटकन खाली उतरतं की कमजोर स्नायूंना श्वासनलिका वेळेवर झाकता येत नाही. मग ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पेज तर आणखी अवघड, कारण तिच्यात पाणी वेगळं आणि शितं वेगळी. काहींना ठसकासुद्धा लागत नाही. घोट घेतल्यावर आवाज घरघरता, ओलसर येतो, तेवढीच खूण. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतात आणि पाणी किती दाट करून द्यायचं ते सांगतात. त्यासाठीची पावडर औषधांच्या दुकानात मिळते. तपासणी होईपर्यंत तोंडानं पातळ काही पाजू नका. पण ती लांबवूही नका, शरीरातलं पाणी कमी पडलं की माणूस आणखी गळतो.

भरवताना त्यांना खुर्चीत ताठ बसवा, पलंगावर रेलून नको. छोटा चमचा घ्या आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नका. टीव्ही बंद ठेवा. जेवण झालं की डाव्या गालात बोट फिरवून बघा, भाताचा गोळा तिथं तसाच सापडतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तोंड स्वच्छ करा आणि पुढे अर्धा तास तरी आडवं करू नका. ताटाची डावी बाजू जशीच्या तशी राहते का, तेही पाहा. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावीकडचं लक्षातच येत नाही, आणि घरचे म्हणतात भूक मेली. ताट फिरवून द्या.

आता ताकदीचं. वरणाच्या पाण्यात प्रथिनं नावालाच असतात. ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं रोज लागतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). गिळण्याची परवानगी मिळाली की घट्ट वरणात घोटलेला मऊ भात, चक्का, मऊ कुस्करलेलं पनीर, चालत असेल तर अंड्याची मऊ भुर्जी, दुधातलं नाचणीचं घट्ट सत्त्व, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. साखरेचा आजार असेल तर गूळ-साखर टाळा. लोणचं-पापड बंदच, रक्तदाब आटोक्यात हवा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर पालेभाजी सोडायची नाही, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

तोंडानं पुरेसं जात नसेल तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतील. नळी म्हणजे सगळं संपलं, असं समजून नकार देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं आणि नळी निघते. गोळ्या कुटून देण्याआधी मात्र प्रत्येक गोळीबद्दल विचारा, काही कुटायच्या नसतात.

दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ताप आला, धाप लागली किंवा छातीत घरघर वाढली, तर भरवणं थांबवून थेट रुग्णालय गाठा.