कुठल्या जुन्या पंक बँडच्या गॉथिक रॉक अल्बमला त्याच्या लायकीचं कौतुक मिळालं नाही?

द डॅम्ड या लंडनच्या बँडचा 'फँटॅस्मागोरिया', 1985 चा. प्रश्नाखाली तुम्ही "न खपलेला नको, खपूनही कुणी मोठा न मानलेला सांगा" अशी पुस्ती जोडली आहे, त्यामुळे माझं काम सोपंच झालं. हा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत चढला होता. त्याच्याही वर जायला या बँडला 2018 उजाडावं लागलं ('इव्हिल स्पिरिट्स', 7 वा क्रमांक). म्हणजे घेणाऱ्यांनी पैसे मोजून घेतला. नाक मुरडलं ते जाणकारांनी, आणि ते अजून सरळ झालेलं नाही.

ज्यांनी डॅम्ड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. ऑक्टोबर 1976 मध्ये यांची 'न्यू रोझ' ही सिंगल आली, ती ब्रिटिश पंकची पहिली सिंगल. फेब्रुवारी 1977 मध्ये पहिला अल्बम आला, तोही सेक्स पिस्टल्स या गाजलेल्या पंक बँडच्या कित्येक महिने आधी. ड्रम्सवर रॅट स्केबीज. या नावाचं सरळ मराठी केलं तर 'उंदीर खरूज' होतं, आणि माणूस ते खुशाल मिरवतो. गिटारवर ब्रायन जेम्स. बेसवर, आणि पुढे गिटारवर, कॅप्टन सेन्सिबल, ज्याचं नाव सोडून बाकी काहीही समंजस नाही. आणि गायला डेव्ह व्हेनियन.

माझं सगळं उत्तर या व्हेनियनभोवती फिरतं. बँडमध्ये येण्यापूर्वी हा गृहस्थ कबरी खणायचं काम करायचा. आडनाव त्याने ट्रान्सिल्व्हेनियावरून तोडून घेतलं. 1976 मध्ये बाकीचे पंक फाटके टीशर्ट आणि सेफ्टी पिना लावून फिरत होते तेव्हा हा काळे कपडे, पांढरा फटक चेहरा आणि डोळ्यांभोवती काजळ अशा थाटात स्टेजवर यायचा. तेव्हा गॉथ नावाची, भुताखेतांच्या आणि स्मशानाच्या वातावरणाची, संगीताची जातच जन्मली नव्हती. बॉहॉस या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं 1979 चं, लंडनच्या सोहोमधला गॉथवाल्यांचा बॅटकेव्ह क्लब 1982 चा. म्हणजे वेशभूषा झाली, रंग चढले, नट विंगेत उभा राहिला, आणि नाटक लागलं नऊ वर्षांनी.

मध्ये तालमी झाल्या, नाही असं नाही. 1979 च्या 'मशीन गन एटिकेट'मध्ये 'प्लॅन 9 चॅनल 7' आहे, 1980 च्या 'ब्लॅक अल्बम'मध्ये सतरा मिनिटांचं 'कर्टन कॉल' आहे. पण तिथे कॅप्टन सेन्सिबल शेजारीच उभा असायचा, आणि त्याच्या अंगात मस्करी इतकी की भुताने तोंड उघडलं की हा मागून त्याची शेपटी ओढणार. (मला तो आवडतो. 1982 मध्ये एका जुन्या संगीतिकेतलं 'हॅपी टॉक' गाऊन हा माणूस एकटाच पहिल्या क्रमांकावर जाऊन आला. हे फक्त त्यालाच जमू शकतं.) 1984 मध्ये तो बँड सोडून गेला. कीबोर्ड वाजवणाऱ्या रोमन जगने गिटार हातात घेतली, बेसवर ब्रिन मेरिक आला, एमसीए या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि निर्मितीला जॉन केली बसला, ज्याने आधी केट बुश या गायिकेबरोबर काम केलं होतं. जुलै 1985 मध्ये अल्बम बाहेर.

आता तक्रारी बघा. जुने पंकवाले म्हणतात, कॅप्टनशिवाय डॅम्ड कसला, ही तर मोठ्या कंपनीने धुऊन इस्त्री केलेली आवृत्ती. गॉथवाले म्हणतात, हे पंकवाले बाजार बघून काळे कपडे घालून आले, खरा माल सिस्टर्स ऑफ मर्सी या गॉथ बँडचा त्याच वर्षीचा अल्बम. अल्बम ना घरचा ना घाटचा. गंमत अशी की बाजार बघून काळे कपडे घातल्याचा आरोप अख्ख्या इंग्लंडमध्ये ज्या एका माणसावर करता येत नाही, त्याच्यावरच तो झाला.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो लंडनला आल्यावर. मूळचा मी कल्याणचा, आता बरीच वर्षं हॅरोत राहतो. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात चार पौंडांना एलपी मिळाली. दुकानदाराने "जवळपास नवीनच आहे" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. घरी येऊन लावली तर पहिल्या बाजूच्या शेवटी ओरखडेच ओरखडे. त्या बाजूचं शेवटचं गाणं 'सँक्टम सँक्टोरम'. ते सुरूच होतं पाऊस, ढगांचा गडगडाट आणि चर्चच्या ऑर्गनवर. त्यामुळे त्यातला पाऊस कुठला आणि माझ्या तबकडीची करकर कुठली हे मला पुढची दोनएक वर्षं कळलं नाही. नंतर स्वच्छ प्रत ऐकली तेव्हा चुकल्यासारखं वाटलं, पाऊस कमी पडतोय असं.

या गाण्यासाठी तरी अल्बम ऐकाच. ठेका रेंगाळणारा आहे, मध्ये पियानो येतो, आणि व्हेनियन खर्जात उतरतो. पंक गायक म्हणून ओरडायची सवय असलेला माणूस इथे आवाज दाबतो, शब्द सावकाश सोडतो, आणि मग वर चढतो तो थेट थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. आई इथे राहायला आली होती तेव्हा हे लागलं होतं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हा नाटकातला आहे का रे कुणी?" मी म्हटलं, नाही गं, पंक आहे. तर म्हणे, "असेल, पण उभा राहून, प्रेक्षकांकडे बघून गातोय." तिच्या लहानपणी घरातले सगळे संगीत नाटकांना जायचे. ऑर्गन म्हटलं की तिला चर्च आठवत नाही, पडदा वर जायच्या आधीचे सूर आठवतात. गायकीत तुलना करण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं, पण समीक्षकांनी 'नाटकी' म्हणून ज्याला नावं ठेवली ते आईला एका मिनिटात गुण म्हणून ऐकू आलं. नाटकी आहेच तो. नाटकच चाललंय.

बाकीची गाणी. 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स'ने अल्बम उघडतो. लांब आहे, हळूहळू चढत जातं, आणि उंदीर खरूज साहेब किती समजून वाजवतात ते इथे कळतं. पहिल्या अल्बमवर हाच माणूस जिना कोसळावा तसा वाजवायचा. इथे तो थांबतो, जागा सोडतो आणि नेमक्या ठिकाणी येतो. 'द शॅडो ऑफ लव्ह' माझं लाडकं. घोडा दौडावा तसा ठेका, वर काऊबॉय चित्रपटांतल्यासारखी झणझणणारी गिटार, आणि त्यावर हा स्मशानातला आवाज. कागदावर हे जमायला नको. जमलंय. सिंगल म्हणून ते 25 व्या क्रमांकापर्यंत गेलं.

'ग्रिमली फीन्डिश' त्याहून थोडं वर, 21 पर्यंत गेलं. नाव आलंय साठच्या दशकातल्या ब्रिटिश मुलांच्या कॉमिकमधून, लिओ बॅक्सेंडेल या चित्रकाराने काढलेल्या एका खलनायकावरून. गाणंही तसंच, जत्रेतल्या तंबूत वाजेल असं. गॉथवाल्यांना हे पोरकट वाटतं. मला वाटतं, इंग्रजांची भुतं अशीच असतात, अर्धी भीतीदायक आणि अर्धी कॉमिकमधली. कॅप्टन गेला तरी मस्करी पूर्ण गेली नव्हती याचा पुरावा म्हणूनही ते ऐकावं.

दोष आहेत. 1985 चा शिक्का सगळीकडे उमटलेला आहे, ड्रम्स जणू रिकाम्या गोदामात वाजताहेत. दुसरी बाजू पहिलीच्या तोडीची नाही. 'एडवर्ड द बेअर' रोमन जग गातो. वाईट गात नाही, पण ज्या अल्बमचा सगळा डोलारा एका आवाजावर उभा आहे त्यात तो आवाजच तीन-चार मिनिटं बाहेर पाठवण्यात काय हशील? शेवटचं 'ट्रोजन्स' नुसतं वाद्यांचं आहे, मी चहा टाकायला उठतो ते तेव्हा.

मुखपृष्ठाबद्दल सांगायचं राहून जाईल. फोटो बॉब कार्लोस क्लार्कचा. कबरींच्या मधोमध उभी असलेली मॉडेल म्हणजे सूझी बिक, जी पुढे निक केव्ह या गायकाची बायको झाली. आणि ते स्मशान म्हणजे केन्सल ग्रीन. हे मला कळलं तेव्हा मी हसलोच, कारण 18 नंबरची बस त्या भिंतीला लागून जाते आणि मी त्या बसने वर्षानुवर्षं पेंगत गेलो होतो. एका रविवारी उतरलो. 1833 चं स्मशान, झाडंझुडपं माजलेली, कलंडलेले दगड, पंख तुटलेल्या देवदूतांच्या मूर्ती. ब्रुनेल हे इंजिनियर पितापुत्र तिथे आहेत. कादंबरीकार विल्यम थॅकरे तिथे आहे, ज्याच्यावरून आपल्याकडच्या ठाकरे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आलं असं सांगतात. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीवर 1991 मध्ये अंत्यसंस्कार झाले तेही तिथल्याच दहनगृहात. फोटोतली जागा काही सापडली नाही. एलपीचं कव्हर काखेत धरून कबरींमधून फिरणारा मध्यमवयीन मराठी माणूस बघून कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी "सगळं ठीक आहे ना?" असं फार काळजीने विचारलं.

नावाचाही एक धागा आहे, तो आम्हा कल्याणकरांना लागू पडतो. फँटॅस्मागोरिया म्हणजे जादूच्या कंदिलाने धुरावर आणि पडद्यावर भुतं पाडून दाखवायचा खेळ. पॅरिसमध्ये 1790 च्या दशकात रॉबर्टसन नावाने खेळ करणारा एक जण त्यासाठी प्रसिद्ध होता. ओसाड पडलेल्या एका मठात तो अंधार करून लोकांची बोबडी वळवायचा. पुढे शंभर वर्षांनी कल्याणच्या पटवर्धनांनी तसाच कंदील घेऊन 'शांबरिक खरोलिका' नावाने खेळ केले, फक्त भुतांऐवजी रामायण-महाभारत दाखवलं. 'फँटॅस्मागोरिया' या अल्बमचं मराठी नाव ठेवायची वेळ आली तर माझ्याकडे ते तयार आहे.

ऐकायचं कसं ते सांगतो. 'एलोइज' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं (फेब्रुवारी 1986, 3 रा क्रमांक) याच माणसांचं आहे, पण मूळ अल्बममध्ये नाही. 1968 च्या बॅरी रायनच्या गाण्याची ती त्यांनी केलेली आवृत्ती. पुढच्या काही आवृत्त्यांना ते जोडलेलं सापडेल. ऐका, मस्त आहे, पण मूळ नऊ गाणी संपल्यावर. आणि त्या उत्साहात लगेच 1986 चा 'एनिथिंग' लावू नका. माणसं तीच आहेत, पण घाईत केलेलं काम आहे ते, आणि त्याच्यामुळे 'फँटॅस्मागोरिया'लाही उगाच बोलणी बसली. पुढे काही ऐकायचंच असेल तर मागे जा, 1982 चा 'स्ट्रॉबेरीज' घ्या. त्यातलं 'द डॉग' ऐकलंत की कॅप्टन असतानाच व्हेनियन कुठल्या दिशेने सरकत होता ते कळेल.

सुरुवात मात्र पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्याने करा. रात्री, दिवे कमी करून. बाहेर खरा पाऊस असेल तर माझ्या तबकडीची उणीव भासणार नाही.