एरोस्पेस संशोधन : प्रयोगशाळेचं दार कुठून उघडतं?

प्रश्न : एरोस्पेसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘संशोधनात रस आहे’ असं बऱ्याच प्राध्यापकांना मेलवर कळवलं, एकाचंही उत्तर नाही. गुण बेताचे आहेत, म्हणून असेल का?

गुणांपर्यंत बहुधा कुणी पोचलंच नसेल. रस आहे असं सगळेच लिहितात. त्यावर प्राध्यापकांनी करायचं काय? त्यापेक्षा एक काम करा. एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेला एक्सफॉइल हा पंखाच्या छेदावरचे हवेचे जोर काढून देणारा प्रोग्राम फुकट मिळतो. नाका ००१२ हा भरपूर मोजला गेलेला एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) घ्या, रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) दोन लाख ठेवा आणि लिफ्ट-ड्रॅगचे, म्हणजे उचल आणि अडथळ्याचे, आलेख काढा. (१० सेंटिमीटर कॉर्डचं, म्हणजे पुढून मागे तेवढं रुंद, मॉडेल सेकंदाला ३० मीटर वेगाच्या हवेत धरलं की एवढाच आकडा येतो, छोटे विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर हवा सोडून मोजायचे बोगदे, याच पट्ट्यात चालतात.) मग प्रसिद्ध झालेल्या मोजमापांशी ताडून पाहा. पूर्ण जुळणार नाही. स्टॉलजवळ (पंख फार तिरका होऊन लिफ्ट कोसळते तिथे) एक्सफॉइल सहसा लिफ्ट जास्तच दाखवतो. कुठे फरक पडला आणि का पडला असावा, ते चार ओळींत लिहून आलेखासह पाठवा. तेही आधी त्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला, कारण टनेलवर हाताखाली माणूस त्याला हवा असतो.

सुरुवातीला काम रटाळ मिळेल : प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर बॅलन्सचं (मॉडेलवरचा जोर मोजणाऱ्या काट्याचं) शून्य नोंदवा, हवेचं तापमान आणि दाब लिहा. कंटाळू नका. शून्य सरकलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही, तर अख्ख्या दिवसाचा डेटा वाया जातो.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची. मला कोण घेणार?

क्यूबसॅट, म्हणजे छोटे उपग्रह, बनवणारे हातोहात घेतील. १० सेंटिमीटरच्या घनाचं हे मानक १९९९ मध्ये कॅल पॉली आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांसाठीच आखलं. त्यात वीजपुरवठा, रेडिओ, ऑनबोर्ड कॉम्प्युटर ही सगळी तुमचीच कामं.

प्रश्न : आमची छोटी कंपनी ड्रोनचे प्रोपेलर बनवते. विद्यापीठाकडून चाचणी करून घेता येईल का? नवं डिझाइन तीन महिन्यांत बाजारात आणायचं आहे.

येईल, पण चाचणी आणि संशोधन यांची गल्लत करू नका. थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) आणि टॉर्क (फिरवायला लागणारा पीळ) मोजून हवा असेल, तर ते सल्लासेवेचं काम. अहवाल घ्या, पैसे द्या, विषय संपला. आवाज कमी का होत नाही, हे शोधायचं असेल, तर ते प्रायोजित संशोधन. त्यात कुणाचा तरी प्रबंध गुंतलेला असतो आणि प्रबंध तीन महिन्यांत होत नाही. तुमची मुदत पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारलीत, तर दोघंही रडाल. पहिल्या भेटीला व्यास, आरपीएम, हवेचा वेग आणि किती अचूकता हवी, एवढं लिहून न्या. टनेलच्या मानाने प्रोपेलर मोठा असेल, तर भिंतींमुळे आकडे बदलतात; ती दुरुस्ती अहवालात मागून घ्या.

प्रश्न : माझ्या पीएचडीला कंपनीचा पैसा आहे. आता पेपर थांबवा म्हणतात.

करार काढून वाचा. छापण्याआधी ठरावीक दिवस वाचायला मागणं रास्त आहे. पेटंटचा अर्ज आधी जावा लागतो. कायमचा नकाराधिकार मात्र प्रबंधाच्या मुळावर येतो. तसं कलम असेल, तर गाइड आणि विद्यापीठाचा कायदा विभाग यांना आजच सांगा. दरम्यान मधला मार्ग सुचवून पाहा : खरी मापं झाकायची आणि निकाल परिमाणरहित गुणांकांत, म्हणजे एकक नसलेल्या गुणोत्तरांत, छापायचे. बऱ्याचदा कंपनीला लपवायची असते ती भूमितीच.