सप्टेंबरात कासला राहायचं असेल तर आधी भिंत बघा

तुमचा प्रश्न असा की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पुण्याहून येताय, बरोबर पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, साताऱ्याजवळचं कासचं फुलांचं पठार बघायचंच आहे, आणि राहायला तीन जागा काढून ठेवल्यात. एक कास रोडवरची काचेची ए-फ्रेम (तिकोनी, छप्परच खालपर्यंत उतरलेली) केबिन, दुसरं तापोळ्याला कोयनेच्या पाण्याकाठचं लाकडी कॉटेज, तिसरं कासच्या अलीकडच्या गावातलं जुनं कौलारू घर, मालक शेजारीच राहतात ते. माझं मत तिसऱ्याला, पण डोळे झाकून नाही, दोन-तीन गोष्टी विचारून मगच पैसे पाठवा.

माझं माहेर जावळीतलं, सासर साताऱ्यात, त्यामुळं दर भाद्रपदात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात की अगं एखादी छान केबिन बघून ठेव ना. आणि सगळे बघतात काय तर फोटो. फोटो काढलेले असतात डिसेंबर-जानेवारीत, कोरडं ठणठणीत आकाश, बाहेर शेकोटी, गादीवर पांढरीशुभ्र चादर. तुम्ही येणार सप्टेंबरात, म्हणजे त्या घरानं नुकताच सलग साडेतीन महिने पाऊस खाल्लेला असतो. महाबळेश्वरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, सातारा शहरात त्याच्या पावभागही नाही, आणि कास-बामणोली-तापोळा हा सगळा पट्टा त्या पावसाच्या बाजूचा. त्यामुळं या दिवसात व्ह्यू कसा आहे हे मी सगळ्यात शेवटी विचारते, आधी विचारते खोली कोरडी आहे का.

आमच्याकडं पावसाळ्याआधी घराच्या पश्चिमेच्या अंगाला झडी बांधतात, पूर्वी गवताच्या असायच्या, आता बऱ्याच ठिकाणी निळं-काळं प्लास्टिकच. पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडनं तिरका येतो आणि भिंतीवर सपासप बसतो म्हणून. आता गंमत अशी की भाड्यानं द्यायच्या खोल्या पुष्कळ ठिकाणी जूनपासून बंदच असतात, झडीच्या मागं, अंधारात, आणि कासचा सीझन आला की पहिल्या बुकिंगच्या आदल्या दिवशी उघडतात, फिनाईलनं पुसतात आणि रूम फ्रेशनर मारतात. तो वास आत शिरल्या शिरल्या कळतो, ओल्या पोत्याला अत्तर लावल्यासारखा. म्हणून मालकाला सरळ विचारायचं, झडी काढून किती दिवस झाले, आणि तुमच्या आधी त्या खोलीत कोण राहून गेलं का. आठ-दहा दिवस खोली वापरात असेल, दारं-खिडक्या उघडल्या असतील, गाद्या एक-दोनदा उन्हात पडल्या असतील तर निम्मं काम झालं.

हे मी शिकले ते पैसे घालवून. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं मिळून अशाच एका लाकडी केबिनला गेलो होतो, जागेचं नाव घेत नाही, फोटो बघून सगळे खूश होते. गेल्यावर बाथरूमचा दरवाजा फुगून चौकटीत इतका घट्ट बसलेला की आत गेलेल्या माझ्या नणंदेला बाहेर काढायला दोन पुरुष लागले, रजया अंगावर घेतल्या तर थंडगार आणि जड, आणि रात्री दोनपासून माझ्या पोराचा खोकला सुरू. सकाळी कपाट जरा सरकवलं तर मागं भिंतीवर हिरवी-काळी बुरशी, हातभर. मालक म्हणाला ताई, पावसाळ्यात एवढं चालायचंच. नाही हो चालत, लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

लाकडाला माझा विरोध आहे असं नाही. पण हल्ली ज्याला वुडन केबिन म्हणतात ते बहुतेक वेळा लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड नाहीतर सिमेंट बोर्ड, आतनं पॉलिश, वर पत्रा. प्लायला एकदा पाणी लागलं की ते सुटतं, फुगतं आणि वास धरतं. वर पत्रा असेल तर रात्री पाऊस आला की एकमेकांशी बोलता येत नाही, हे खोटं वाटत असेल तर एकदा अनुभव घ्या. त्यामानानं जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं, पुढं पडवी, हे घर दिसायला साधं असतं पण पडवीमुळं पावसाचा मारा मूळ भिंतीपर्यंत पोचत नाही आणि कौलांच्या फटीतनं हवा खेळती राहते. मधनंच एखादं कौल गळतं, मग खाली पातेलं ठेवायचं, आमच्या माहेरी अजून ठेवतात.

ए-फ्रेमबद्दल. काचेची भिंत आणि समोर दरी, हे सकाळी साडेसहाला फोटोत दिसतं. सप्टेंबरात सकाळी साडेसहाला समोर बहुतेक वेळा धुकं असतं, म्हणजे काचेबाहेर पांढरा पडदा आणि काचेच्या आतनं पाणी ओघळतंय, कारण आत चार माणसांचा श्वास आणि बाहेर गारवा. शिवाय त्या माडीवर झोपायची सोय शिडीनं, सासूबाई कशा चढणार? आणि मुलगा रात्री उठला तर? तुम्ही दोघंच असता तर म्हणाले असते घ्या, हौस भागवा, पण आता नको.

तापोळ्याची गोष्ट वेगळी, तिथं माझं मन थोडं अडकतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा (अब्ज घनफूट पाणी), आणि पाऊस नेहमीसारखा झाला तर सप्टेंबर अखेरीला काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळं पाण्याला लागून कॉटेज हे वाक्य जर कधी खरं असेल तर ते याच दिवसात, उन्हाळ्यात त्याच अंगणातनं पाण्यापर्यंत चिखल-दगड तुडवत जावं लागतं. पण तुम्हाला कास बघायचंय. नकाशात तापोळा आणि बामणोली जवळजवळ दिसतात आणि लाँचनं आहेतही, पण मध्ये पाणी आहे. गाडीनं यायचं तर तापोळ्याहून घाट चढून महाबळेश्वर, तिथनं केळघर घाट उतरून मेढा, मग सातारा, मग परत यवतेश्वर घाट चढून कास. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये लहान मुलाला घेऊन हे करू नका, घाटात उलट्या काढण्यातच रविवार जाईल. तापोळा नोव्हेंबरात स्वतंत्र करा, तेव्हा जंगलातला वासोटा किल्लापण उघडलेला असतो, पावसाळ्यात तो बंद ठेवतात.

कुणी महाबळेश्वर-पाचगणीकडचा स्ट्रॉबेरी फार्म स्टे सुचवेल, सुचवतातच. सप्टेंबरात स्ट्रॉबेरीची नुकती लागण चाललेली असते, फळ यायला डिसेंबर उजाडतो, तेव्हा ताजी स्ट्रॉबेरी तोडून खा असं कुणी या महिन्यात सांगत असेल तर तिथंच ओळखा. त्या बाजूला जायचंच झालं तर भिलारला एखादं घर बघा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं ठेवलीत आणि पाऊस आला तरी पोराला घेऊन बसता येतं. पण कासपासून लांब पडतं, परत तेच.

आता तिसरं घर. पैसे पाठवायच्या आधी मालकांना म्हणायचं, आत्ता व्हिडिओ कॉल करा आणि खोली दाखवा. आत्ता म्हणजे आत्ता, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. छताचा पश्चिमेकडचा कोपरा दाखवायला सांगा, पलंगाच्या मागची भिंत, गादी उलटी करून खालची बाजू. एखाद्याला राग येईल, येऊ दे, ज्याचं घर चांगलं आहे तो उलट हसतो आणि सगळं दाखवतो. दोन खोल्यांपैकी निवड असेल तर पूर्वेकडं खिडकी असलेली घ्या, सकाळचं ऊन आत येतं आणि पावसाचा मार त्या बाजूला कमी. झाडं घराला अगदी खेटून असतील तर सावली भारी दिसते पण भिंत वाळत नाही.

मग रस्ता. मेन रोडपासून घरापर्यंत शेवटचा तुकडा डांबरी आहे, सिमेंटचा आहे की मातीचा, हे विचारा, आणि फक्त ‘गाडी येते ना’ असं विचारू नका, कारण त्यांची जीप येते. तांबड्या मातीचा चढ, वर थोडा पाऊस, आणि खाली बसकी हॅचबॅक, की ट्रॅक्टर बोलवायची वेळ. सासूबाईंना उतरून किती चालायचंय, पायऱ्या किती, संडास कमोडचा आहे का आणि खोलीला लागून आहे का, हे सगळं आधीच, लाजू नका. शनिवारी चारपर्यंत घरी पोचायचं बघा, त्या दिवसात साडेसहाला अंधार पडायला लागतो आणि धुक्यात यवतेश्वर घाटाच्या वरचा रस्ता नवख्या माणसासाठी बरा नाही. हत्तीचा पाऊस त्याच सुमाराला असतो, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी तीनला गडगडाट, त्यामुळं फिरायचं ते सकाळी उरकायचं.

गरम पाण्याचं एक सांगते आणि हे हलक्यात घेऊ नका. धुक्यात सोलर चालत नाही, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी गॅस गिझर. तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि वर खिडकी बंद केलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता पडतो. गिझर बाहेर असायला पाहिजे. बंबाचं पाणी बादलीनं आणून देत असतील तर सगळ्यात उत्तम. तसंच थंडी वाजते म्हणून कुणी कोळशाची शेगडी खोलीत ठेवून देतो म्हणालं तर नको म्हणायचं, चार जणांना झोपायला दोन ज्यादा रजया मागा.

जेवण घरचंच घ्या, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, भात, सासूबाईंना तिखट चालत नसेल तर आधी सांगून ठेवा कारण आमच्याकडचं नेहमीचं तिखट पुण्यात जाळ म्हणतात. कोंबडी हवी असेल तर कॅलेंडर बघून घ्या, घटस्थापना झालेली असेल तर घरात घट बसलेले असतात आणि बऱ्याच घरी नऊ दिवस मांसाहार शिजत नाही, मागून त्यांना अवघडवू नका. रात्री बाहेर जायचं तर टॉर्च घेऊनच, आणि सकाळी बूट झटकून घाला, या दिवसात गोम आणि इंगळी, म्हणजे मोठा विंचू, कोरडी जागा शोधत आत येते. मालक शेजारी राहतो याचा फायदा हाच, रात्री लाइट गेली, पोराला ताप आला, तर दार वाजवायला कुणीतरी असतं. नुसता केअरटेकर असेल तर तो रात्री तिथं झोपतो का घरी जातो ते विचारा.

आणि हे सगळं करायच्या आधी कासचा स्लॉट, म्हणजे पठारावर जायची ठरावीक वेळ, बुक करा, खोली नंतर. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठेवलेली आहे, शनिवार-रविवार आधीच भरतात, आणि खोली मिळाली पण पठारावर जायला जागा नाही असे लोक मी दरवर्षी बघते, मग ते रस्त्याकडेला उभं राहून तेरड्याचे फोटो काढतात. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. रविवारचा नसेल मिळत आणि सुट्टी जमत असेल तर रविवारी येऊन सोमवारी सकाळी बघा, गर्दी निम्मी आणि खोलीचं भाडंही उतरतं, त्यात पितृपक्ष चालू असेल तर मालक स्वतःच कमी करतो. फुलांची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही, पाऊस लांबला तर बहर पुढं सरकतो. मालक ‘या, सगळं निळं-जांभळं झालंय’ म्हणाला तर त्यालाही व्हिडिओ मागा. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं, ते यंदा फुललंच आहे असं सांगून कुणी भाडं वाढवत असेल तर दुसऱ्या कुणाकडनं खात्री करून घ्या.

आगाऊ पैसे निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, घाट बंद झाला, तर पैसे परत की तारीख बदलून, हे मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. तिसऱ्या घराचं व्हिडिओ कॉलवर जमलं नाही तर हट्ट करू नका, साताऱ्यात साध्या लॉजमध्ये राहा, कास पंचवीस किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघालं की झालं. येताना सासूबाईंसाठी खाली रबर असलेली काठी घेऊन या, पठारावरचा कातळ शेवाळानं निसरडा असतो आणि धरायला तिथं काही नाही.