वर्गातले सात जण म्युनिकहून एका दिवसात नॉयश्वानश्टाइन किल्ला आणि लिंडरहोफ राजवाडा दोन्ही करू शकतो का? तिकिटाचे पैसे कसे वाटायचे?

दोन्ही नाही. लिंडरहोफला मुर्नाउमार्गे ओबरआमरगाउ आणि पुढे बस, नॉयश्वानश्टाइनला फ्युसेनची गाडी. लाइनच वेगळ्या. कार भाड्याने घेणार नसाल तर निम्मा दिवस बसस्टॉपवर जाईल. नॉयश्वानश्टाइन एकच करा.

आता पैशांचं. तुम्ही लिहिलंय की दोघांकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास आहे, तरी त्यांनीही बायर्न-टिकेटात (बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं तिकीट) सारखा वाटा द्यावा असं बाकीच्यांचं म्हणणं आहे. अजिबात देऊ नये. आमच्या वर्गात हाच वाद म्युनिक स्टेशनवर तिकिटाच्या मशीनसमोर झाला होता. "दोस्तीत कसला हिशेब" म्हणत सातांची तिकिटं काढली गेली आणि पासवाल्या दोघांकडूनही पैसे घेतले गेले. ते चूकच होतं, आणि का ते आकड्यांतच दिसतं.

बायर्न-टिकेट एका वेळी जास्तीत जास्त पाच जणांचं निघतं. पहिल्या माणसाचा दर मोठा, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येकी थोडीच वाढ. म्हणजे सात जणांना दोन तिकिटं लागतात आणि तो पहिला मोठा दर दोनदा भरावा लागतो. पासवाले दोघे बाजूला झाले की उरलेल्या पाचांना एकच तिकीट पुरतं. पासवाल्यांमुळे ग्रुपचं दुसरं तिकीटच वाचतं, आणि वर त्यांच्याकडूनच वाटा मागायचा! पासचे पैसे ते दर महिन्याला आधीच भरतात.

पासच नसते तर? तर दोन्ही तिकिटांची बेरीज करून सातने भागायची. पाचांच्या तिकिटावर बसलेल्याला स्वस्त आणि दोघांच्या तिकिटावरच्याला महाग, असं होऊ द्यायचं नाही. नावं मात्र विचार करून टाका. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, प्रवास सुरू झाल्यावर माणसं बदलता येत नाहीत, आणि एका तिकिटावरच्यांनी एकत्रच प्रवास करायचा असतो. ज्यांना लवकर परतायचंय त्यांना दोघांच्या तिकिटावर घाला. नाहीतर एकाचं डोकं दुखलं की पाचही जण परत. एकट्याने विनातिकीट निघालात तर दंड ६० युरो. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा, पासवाल्यांनीसुद्धा.

पण रेल्वेच्या तिकिटाआधी किल्ल्याचं तिकीट काढा, ऑनलाइन, जितकं आधी जमेल तितकं. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं, वेळ ठरलेली असते, आणि ती चुकली की तिकीट बाद. त्यामुळे वेळेचं गणित उलटं मांडायचं. आठवड्याच्या दिवशी बायर्न-टिकेट सकाळी ९ नंतरच चालतं. फ्युसेनला साधारण दोन तास, कधी थेट, कधी बुख्लोए किंवा काउफबॉयरेनला गाडी बदलून. स्टेशनबाहेरून ७३ किंवा ७८ नंबरची बस, ती याच तिकिटात येते. होहेनश्वानगाउ गावातून वर चढायला ३०-४० मिनिटं. म्हणजे दुपारी दीडच्या आधीचा स्लॉट घेऊच नका. मारिएनब्रुकं हा किल्ल्याजवळचा पूल आधी बघायचा असेल तर अडीचचा घ्या, कारण त्या पुलावर फोटोसाठी रांग लागते आणि तिथून किल्ल्यापर्यंत पुन्हा १०-१५ मिनिटं चालायचंय. शनिवार-रविवारी ९ ची अट नाही, पण गर्दी दुप्पट धरा. वर जाणारी छोटी बस आणि घोडागाडी यांचे पैसे वेगळे.

"पुलावरून किल्ला दिसतो की, आत कशाला पैसे घालवायचे" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासाची, फोटो काढू देत नाहीत, हे खरं. तरी सिंहासनाचा दरबार बघाच. खाली प्राण्या-झाडांच्या चित्रांची मोझेइक फरशी, वर मुकुटाच्या आकाराचं भलंमोठं झुंबर, समोर संगमरवरी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर काहीच नाही. १८६९ मध्ये काम सुरू झालं, १८८६ मध्ये किल्ला बांधून घेणारा बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग गेला, सिंहासन बनलंच नाही. हे पुलावरून दिसत नाही.

जेवण बरोबर न्या, पोळीचे रोल सगळ्यात सोयीचे. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, त्यामुळे खरेदी शनिवारीच.

तीन गोष्टी राहिल्या. बायर्न-टिकेट आणि डॉइचलांडटिकेट दोन्ही फक्त आरबी-आरई अशा प्रादेशिक गाड्यांना चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. रेल्वेच्या ॲपमध्ये तसा फिल्टर लावूनच गाडी शोधा. आणि रुळांच्या कामामुळे काही दिवस मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस सोडतात, तेव्हा वर दिलेल्या वेळेत तासभर वाढवा. थंडीत बर्फ असेल तर पूल बंद ठेवतात.