मोसमातली पहिली रेस : सहा जणांनी कामं कशी वाटून घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सहा जणांची हौशी टीम, मोसमातली सायकलची पहिली रोड रेस, ९० किलोमीटर, शेवट सपाटीवर. एकाचा स्प्रिंट चांगला, बाकीचे साधारण सारखे. मागच्या खेपेस सगळे आधीच दमले, स्प्रिंटर शेवटी एकटा पडला. तर लीडआउट ट्रेन, म्हणजे शेवटी स्प्रिंटरला आडोसा देत पुढे नेणारी सोबत्यांची ओळ, कशी बसवायची?

ट्रेनचा विचार या रेसपुरता सोडा. शेवटच्या दोन किलोमीटरला चौघे ओळीने पुढे हवे असतील तर ते चौघे तिथवर शिल्लक राहिले पाहिजेत. मोसमाच्या सुरुवातीला लांब पल्ल्याचा सराव झालेला असतो, पण मिनिटभराचा कडक जोर लावून लगेच सावरण्याची ताकद अजून आलेली नसते. असे पाच-सहा धक्के बसले की पाय संपतात. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की धक्के कोण खाणार. स्प्रिंटरने एकही खायचा नाही.

एकाला स्प्रिंटरचा जोडीदार करा. कुणी अटॅक केला, म्हणजे घोळक्यातून अचानक जोरात सुटला, तर तो त्याच्यामागे जाणार नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघे घोळक्याच्या पहिल्या पंधरात, दोघे थोडे मागे, इतरांच्या आडोशाला. अटॅक गेला की पुढच्या दोघांतला एकच उठतो. सुटलेला परत सापडला की आपला माणूस मागे सरकतो आणि मागचा एक त्याच्या जागी येतो. हौशी टीमचं गणित नेमकं इथे फसतं. कुणी सुटलेला दिसला की तिघे एकदम उठतात, अटॅक मरतो, सगळे श्वास घ्यायला सैल पडतात आणि त्याच क्षणी दुसरा जातो. टिकतो तो बहुतेकदा हा दुसराच, कारण त्याच्यामागे जायला कुणाचे पाय मोकळे नसतात.

मागे जायचं म्हणजे सुटलेल्याच्या मागच्या चाकाला लागायचं आणि तिथेच आडोशाला बसायचं, पुढे ओढायचं नाही, म्हणजे पुढे येऊन वारा खायचा नाही. आणि प्रत्येकामागे जायचंही नाही. ४० किलोमीटर बाकी, समोरून वारा आणि गडी एकटा, तर खुशाल जाऊ द्या. तीन-चार जण सुटले आणि त्यात तगड्या टीमचा माणूस असेल, तर आपला एक तिथे हवाच.

आपला माणूस पुढे गेला की बाकीच्यांचं काम उलटं होतं. घोळक्याच्या पुढच्या तीन-चार चाकांत बसायचं, पाळी आली तरी ओढायचं नाही, कुणी पुढच्यांकडे झेपावला तर त्याचं चाक पकडायचं. नियमात बसतं ते एवढंच. मुद्दाम आडवं येणं, वळणावर ब्रेक मारणं हे नियमाबाहेरचं आहे आणि धोक्याचं तर आहेच.

आपलं कुणीच पुढे नसेल तर पाठलाग तुमच्या गळ्यात पडतो. तेव्हा आकडे डोक्यात ठेवा. पुढचे ताशी ४० ने जात असतील तर एका मिनिटाचं अंतर म्हणजे जवळपास ६७० मीटर. तुम्ही ४२ ने ओढलंत तर ते भरायला २० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात १४ किलोमीटर संपतात. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने चालणारा ठोकताळा एक मिनिट भरायला दहा किलोमीटर असा आहे, पण तो व्यावसायिक घोळक्याचा. हौशी रेसमध्ये पंधरा धरा. ४० चे ४२ करायला हवेविरुद्ध लागणारी ताकद सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, म्हणून उशिरा जागं होऊन ४६ ने ओढायला जाऊ नका. दोघांना वेळेवर कामाला लावा आणि त्यांची रेस तिथेच संपणार हे त्यांना सकाळीच सांगून ठेवा.

ओढतानाची एक चूक जवळजवळ प्रत्येक नव्या टीममध्ये दिसते. पुढचा बाजूला होतो, दुसऱ्या चाकावरचा मोकळा होतो आणि अंगात आल्यासारखा ३८ चे ४१ करतो. आता जो नुकताच दमून मागे येतोय त्याला शेवटचं चाक पकडायला स्प्रिंट मारावा लागतो. दोन-तीन फेऱ्यांत तो सुटतो आणि ताकदवान माणसानेच टीम फोडलेली असते. पुढे आल्यावर मीटरवरचा वेग होता तोच ठेवायचा. बाजूला होणाऱ्याने आधी पूर्ण बाजूला सरायचं, मगच एक-दोन किलोमीटरने वेग कमी करायचा. शेवटचा माणूस जवळ आला की त्याने 'शेवट!' म्हणून ओरडायचं, म्हणजे परतणारा वेळेवर पायडलवर जोर देतो. पाळी २०-३० सेकंदांची, दमला असेल त्याची दहाची. बाजूला व्हायचं ते वारा येतो त्या बाजूला : वारा डावीकडून तर डावीकडे.

हेच तत्त्व स्प्रिंटरला पुढे आणताना. वारा डावीकडून असेल तर जोडीदार डावीकडून चालवतो आणि स्प्रिंटर त्याच्या मागे, किंचित उजवीकडे राहतो. हे काम अरुंद वळणाच्या किंवा चढाच्या दोन-तीन किलोमीटर आधी उरकायचं. ऐन वळणावर तिथे अर्धा घोळका घुसत असतो, आणि मोसमाच्या सुरुवातीला गर्दीत चालवायचा सराव मोडलेला असल्यामुळे पडझडही तिथेच होते. जोडीदाराने दर काही मिनिटांनी मागे बघण्यापेक्षा स्प्रिंटरनेच बोलावं. चाक सुटलं तर 'सुटलं!', सगळं ठीक तर 'आहे!'. 'थांब' हा शब्द घोळक्यात वापरूच नका, भलताच कुणीतरी ब्रेक दाबतो.

शेवटी जोडीदार आणि आणखी एक असे दोघे उरले तरी पुरे. पहिला साधारण एक किलोमीटरपासून ४०० मीटरपर्यंत, जोडीदार तिथून २०० पर्यंत. समोरून वारा असेल तर स्प्रिंटरने १५० पर्यंत कळ काढायची, पाठीमागून असेल तर २५० ला सुटलं तरी चालतं. दोघेही उरले नाहीत तर स्प्रिंटरने दुसऱ्या टीमच्या ट्रेनमागे बसावं, लाजायचं कारण नाही.

खाण्याबद्दल : काम करणारेच खायला विसरतात. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे दर २० मिनिटांनी २०. मीटरवर तसा अलार्म लावा. थंडीत तहान कळत नाही, तरी तासाला अर्धा लिटर पाणी जायला हवं.

आणि चाकं. स्प्रिंटर पंक्चर झाला तर जोडीदाराने चाक द्यायचं असं सगळे ठरवतात, पण ते चाक बसतं का हे कुणी बघत नाही. ११ आणि १२ स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), १४० आणि १६० मिलिमीटरची ब्रेकची डिस्क, किंवा डिस्कऐवजी रिम ब्रेक, यातलं काहीही वेगळं निघालं तर रस्त्यावर उपयोग शून्य. डिस्क सारख्या मापाची असूनही ब्रेकच्या पॅडला घासू शकते. आदल्या संध्याकाळी दोघांची चाकं अदलाबदल करून फिरवून बघा, सगळे गिअर टाकून बघा. एक्सल काढायला लागणारी ॲलन की दोघांच्याही खिशात असू द्या.