सावरायला वेळ मिळतो का, ते बघा

तुम्ही विचारलंय की हवामान बदलामुळे समाज कोसळणं आता अटळ आहे का. आणि त्याच्याच आडून दुसरा प्रश्नही विचारलाय, की गुहागरकडचं वडिलोपार्जित घर दुरुस्त करून तिथे राहायला जाण्यात काही अर्थ उरलाय का. दुसऱ्याचं उत्तर देता येण्यासारखं आहे, ते शेवटी देतो. पहिल्याचं थोडक्यात सांगायचं तर अख्खा समाज एकदम कोसळेल असं मला वाटत नाही. तुकड्यातुकड्यांनी कोसळणं मात्र सुरू झालेलं आहे आणि त्यातलं बरंचसं अजून थांबवता येतं.

'कोसळणं' म्हटलं की लोकांना सिनेमातला प्रलय आठवतो. एक दिवस सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी काही नाही. कोकणात गाव रिकामं व्हायला वादळ लागत नाही हे आपण दोन-तीन पिढ्या पाहतोच आहोत. आधी शाळेचा पट उतरतो, मग एसटीची फेरी बंद होते, मग गणपतीपुरतं घर उघडतं. बातमी कुठेच येत नाही. हवामानाचा मारा याच वाटेने येणार आहे, म्हणून मी एकच माप लावतो: दोन तडाख्यांमध्ये किती अंतर आहे, आणि एका तडाख्यातून उठायला किती काळ लागतो. अंतर मोठं असेल तर माणूस उठतो. उठायच्या आत दुसरा बसला की तो मुंबईची गाडी पकडतो.

आमच्या कोकणातलंच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. मनुष्यहानी त्या मानाने फार कमी झाली, कारण इशारा आधी मिळाला होता आणि किनाऱ्यालगतची घरं रिकामी केली होती. पण नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठ्याचं, म्हणजे इथल्या सुपारीचं, झाड फळावर यायला सहा-आठ वर्षं घेतं, नारळाचंही साधारण तसंच. सुपारीच्या सावलीत जायफळ आणि तिच्याच खोडावर मिरी, त्यामुळे वरचं झाड गेलं की खालचंही उन्हात करपतं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि ऐन हंगामाच्या शेवटी रत्नागिरी-सिंधुदुर्गात हापूसचा सडा पडला. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्याखाली, आणि महाड तालुक्यात तळियेवर दरड, ८०हून अधिक माणसं गेली. त्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता आणि सावित्री तिथूनच खाली उतरते. म्हणजे चौदा महिन्यांच्या आत तीन तडाखे, आणि सुपारीला हवीत आठ वर्षं.

नुकसानभरपाई आधी हेक्टरी हिशेबाने बोलली गेली, झाडाचा हिशेब नंतर आला. इथे वाडी गुंठ्यात असते, तीही चार भावांत. सातबाऱ्यावर काका, निम्मा हिस्सा मुंबईच्या चुलतभावाचा, आणि झाडं शिंपून वाढवणारा तिसराच. मदतीची रक्कम किती यापेक्षा ती कोणाच्या खात्यात जाणार यावर किती महिने गेले, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक.

तडाख्यांमधलं अंतर कमी का होतंय हे वेगळं सांगायला नको, तरी दोन आकडे देतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प सह्याद्रीला आपटलं की पाऊस तासांत कोसळतो, दिवसांत नाही. दुसरं, अरबी समुद्र. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात इथली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. आमच्या लहानपणी वादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची भानगड, असा समज होता. तो आता सोडून द्यावा लागला.

हे अंतर ठरवणं गावाच्या हातात नाही, ते जगाच्या धुरावर ठरतं. सावरायला किती वेळ लागतो हे मात्र बऱ्याच अंशी गावावर आणि सरकारवर आहे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नेमकी हीच गोष्ट चर्चेतून सुटते.

खारेपाटातली शेती कशी टिकली ते बघा. पेण-अलिबागकडे खाडीकाठची भातजमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. तिला समुद्रापासून राखतो तो मातीचा बांध. बांधात उघाडी असते: ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. बांधाचा शत्रू मोठी लाटच असते असं नाही, बऱ्याचदा खेकड्याचं बीळ असतं. बिळातून झिरपा, झिरप्यातून खांड, म्हणजे बांधाला भगदाड, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला त्या खांडीतून पाणी आत शिरलं की शेत खारं. मग दोन-तीन पावसाळे ते धुऊन निघेपर्यंत धड पीक नाही. म्हणून जुनी रीत अशी की खांड पडल्याचं कळलं की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर, आणि पुढच्या उधाणाच्या आत खांड बुजवायची. मधल्या भांगाच्या दिवसांत, भरती कमी असते तेवढ्यात. तडाखा आणि सावरणं यांचं गणित या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही.

हे बांध राखण्याची जबाबदारी पुढे सरकारी खात्याकडे गेली, १९७९ चा खारजमीन विकासाचा कायदा आहे. त्यात वाईट काही नव्हतं, दगडी अस्तर आणि पक्क्या उघाड्या गावाच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. पण खांड उधाणाचं वेळापत्रक पाळते आणि निविदा आर्थिक वर्षाचं. माणसं मुंबई-पनवेलला नोकरीला गेली, घरटी एक माणूस उरला नाही, आणि फुटलेले बांध तसेच राहिले. आत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, उगवलं. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी, कारण लाटांचा जोर तेच खाऊन टाकतं. पण ज्याची भातखाचरं त्याखाली गेली, त्या शेतकऱ्याला तुम्ही पर्यावरणाचं व्याख्यान देऊन बघा! जगातली समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि या शतकाअखेर ती अजून साधारण २८ सेंटिमीटर ते १ मीटर वाढू शकते. शहरातल्या माणसाला वीतभर पाणी क्षुल्लक वाटतं. बांधावरून उधाणाचं पाणी उलटण्यासाठी तेवढं पुरतं.

तेव्हा समाज टिकतो का, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे: खांड पडल्यावर किती जण येतात, आणि ते येऊ शकतील अशी सोय कोणी ठेवली आहे का. नुसत्या गावकीच्या गोडव्यांनी भागणार नाही. त्या गावकीत कोणाचा शब्द चालायचा आणि कोणी फक्त घमेली उचलायची, हेही आपल्याला ठाऊक आहे. याच खारेपाटात चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. एकी होती ती अशी भांडून कमावलेली.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का? जमतं, आपल्याच देशात जमलंय. ओडिशात १९९९ च्या महावादळात सरकारी आकड्याने जवळजवळ १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच हलवले होते, आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. वादळ काही दयाळू झालं नव्हतं. मध्ये निवारे बांधले गेले, इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचवायची यंत्रणा उभी राहिली आणि ती दरवर्षी घासूनपुसून ठेवली. आपल्याकडचं उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचं. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे देशाचा कायदाही त्याच वाटेने आला. संकटातून संस्था जन्माला येते, पण आपोआप नाही. चिपळूणच्या पुरानंतर लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायचं काम मार्गी लागलं.

इशाऱ्याचीही मर्यादा आहे. तौक्तेच्या वेळी इशारा सगळ्यांना होता. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांनी भरलेला तराफा समुद्रात राहिला, तो बुडाला, आणि ७०हून अधिक माणसं गेली. घरी बसायची मुभा ज्याला नाही, त्याला इशाऱ्याचा काय उपयोग?

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. कोकण आजवर टिकलं ते दोन पायांवर: एक पाय गावात, एक मुंबईत. गाव पिकलं नाही तर मनीऑर्डर यायची. १९८२ च्या गिरणी संपात उलट झालं, मुंबईतली कमाई थांबली आणि कित्येक घरांना गावच्या तांदळाने तगवलं. २०२० मध्ये मात्र दोन्ही पाय एकदम उचलले गेले. टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले होते, शाळांमध्ये विलगीकरण चालू होतं, आणि त्यातच निसर्ग आलं. छपरं उडाली, कौलं मिळेनात, पाऊस तोंडावर. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. विजेबरोबर मोबाइल गेला, आणि पाणीही गेलं, कारण विहिरीवरचा रहाट मोडून पंप बसवलेला. हवामान बदलाचा धोका मला इथे दिसतो. एकेक संकट झेलायची सवय आपल्याला आहे. ती एकाच वेळी, एकमेकांत पाय अडकवून येतात तेव्हा जुने आधार पुरत नाहीत. मुंबईला पूर, गावाला दरड आणि त्याच वर्षी बाजारात तांदूळ महाग, हे तिन्ही एका जुलैत येणं आता अशक्य राहिलेलं नाही.

आणि जगाच्या धुराचं काय, असं तुम्ही म्हणाल. २०२४ हे औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं. पॅरिस कराराची दीड अंशाची मर्यादा एका वर्षावर मोजत नाहीत, दीर्घ सरासरीवर मोजतात, पण ती सरासरीही त्याच दिशेने चाललीय. दुसरी बाजू अशी की २०१५ मध्ये तो करार झाला तेव्हा शतकाअखेर ४ अंशांच्या आसपासची वाट दिसत होती, आज चालू धोरणांनी ती साधारण ३ अंशांच्या आसपास आली आहे. सौर विजेचा खर्च २०१० ते २०१९ मध्ये सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, त्याचा यात मोठा वाटा. ३ अंश भयानकच आहेत. पण ४ आणि ३ मधला फरक हा माणसांनीच केलेला आहे. 'आता काय, सगळं संपलं' म्हणणारे मला म्हणूनच पटत नाहीत. त्यांच्या बोलण्याने उद्याची खांड बुजवायला येणारा एक माणूस कमी होतो. 'कोकणाला काय होतंय, आमच्या आजोबांनी असे पावसाळे पाहिलेत' म्हणणारे तर मुळीच पटत नाहीत. आजोबांच्या वेळी थंडी वेळेवर पडायची. आता जानेवारी-फेब्रुवारीत उशिरा थंडी पडून हापूसला पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कैरी गळते. मग बागायतदार फवारणीवर फवारणी करतो आणि विम्याचे निकष वाचत बसतो.

भारताचं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, तेव्हा दिवेआगरच्या वाडीवाल्याने धूर कमी करावा असं कोणी म्हणू नये. ते काम आधी श्रीमंत देशांचं, आणि आपल्यातल्या श्रीमंतांचंही. वाडीवाल्याला हवंय ते सावरायचा वेळ कमी करणारं काही: जमिनीखालून वीजतारा, नुसता विलगीकरणापुरता किंवा मतदानापुरता न राहता वादळही झेलेल असा पक्का निवारा, उधाणाच्या आधी सुटणारा दुरुस्तीचा पैसा, झाड मोजून मिळणारी भरपाई.

आता तुमचं घर. जा, पण डोळे उघडे ठेवून. घरामागचा डोंगर रस्त्यासाठी किंवा प्लॉटसाठी उभा कापलाय का, ते आधी बघा. कापला असेल आणि वरच्या अंगाला भेगा दिसल्या, तर जांभ्याचं घर कितीही सुंदर असलं तरी पावसाळ्यात तिथे झोपू नका. विहीर मे महिन्यात चाखून बघा, फेब्रुवारीत सगळ्याच विहिरी गोड असतात. पंप ठेवा, पण रहाट किंवा हातपंपही ठेवा. छप्पर पत्र्याचं करणार असाल तर नुसत्या खिळ्यांवर न ठेवता जे-हुकने वाशांना नीट आवळून घ्या. वाडीत सुपारी एकटी लावू नका, पडली तर लवकर हातात येणारं काही शेजारी असू द्या: केळी, अननस, कंद.

आणि वर्षातून दोनदा येणारे मालक होऊ नका. ग्रामसभेला बसा, निवाऱ्याचं आणि उघाडीचं काय झालं ते दरवेळी विचारा, वैताग येईपर्यंत विचारा. दुरुस्तीला हात घालण्याआधी भावंडांशी बसून वाटण्या मिटवा आणि सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. पंचनाम्याला आलेला तलाठी आधी तेच बघतो.